जीव एक

"दगड उचलला की होता तसाच ठेवायचा. ते कुणाचे तरी घर असते," ओढ्यात उतरलेल्या मुलांना श्रीरंग सरांनी पुन्हा सांगितले.

काठावरच्या मोजणी यंत्राला संध्याकाळपर्यंत एकही जिवंत किडा दिसला नाही, तर ओढा मृत ठरणार होता आणि धरणातून त्यात सोडले जाणारे पाणी उद्यापासून बंद होणार होते. सकाळपासून एकूण एक दगड रिकामा निघाला होता.

"सर, इथे बघा," रेणुकाने हाक मारली. यंत्राचा दिवा हिरवा झाला: जीव एक.

सर वाकले. दगडाखाली तपकिरी पिसाची, तांबड्या दोऱ्याने बांधलेली खोटी माशी होती. माशांना फसवायला गळाला लावायची अशी माशी बांधायला त्यांनीच मुलांना शिकवले होते. वाहत्या पाण्यात तिचे पीस श्वास घेतल्यासारखे हलत होते.

"ही तू बांधलीस ना गं?" त्यांनी अगदी हळू विचारले.

"तुम्हीच म्हणता, मासा फसला तरच माशी जमली. यंत्र काय माशाहून शहाणं आहे?"

मुलांशी कधी खोटे न बोललेल्या सरांनी हिरव्या दिव्याकडे पाहिले. मग दोन्ही हातांनी त्यांनी तो दगड होता तसाच ठेवला.

"जपून पाय टाका रे," ते मुलांना म्हणाले, "इथे कुणीतरी राहते."