रबोंजूर

"नीट ऐका. कुणी काही बोलायचं नाही. नुसतं चालायचं," ओदील म्हणाली.

चर्चच्या मागे अकरा माणसं टोप्यांचा ढीग मध्ये ठेवून उभी होती. ओदीलखेरीज गावात धड चालू शकणारी तेवढीच होती.

"अगं, पण समोर माणूस दिसल्यावर बोंजूर तरी?" आंसेल्मने विचारलं. हा गावचा जुना पाववाला, वय अठ्ठ्याहत्तर. इतका सभ्य की आडव्या आलेल्या कोंबडीलाही आधी जाऊ द्यायचा.

"बोंजूर म्हणा. नाहीतर बाईंना वाटायचं, माणसं भाड्याने आणलीत."

बाई म्हणजे मादाम केर्वेला. जिल्ह्याहून चौकशीला आल्या होत्या आणि खाली साधूंच्या पुलावर वही घेऊन उभ्या होत्या. आठशे वर्षांचा तो पूल आणि त्याच्याकडे उतरणारी पायवाट शेजारच्या गिरणीच्या नव्या पॅरिसकर मालकाला विकत हवी होती. फाटक लावायचं होतं त्याला. वाट लोकांच्या वापरात नसेल तरच गावाला ती विकता येते, आणि वापरात आहे की नाही हे आज बाई ठरवणार होत्या. तीस वर्षं त्याच वाटेने टपाल वाटलेल्या ओदीलला रात्रभर झोप नव्हती. पण आज मार्चमधला मंगळवार. मंगळवारी सकाळी कोण कशाला पुलावर जातंय?

म्हणून हा बेत. वाटेने उतरायचं, पूल ओलांडायचा, डांबरी रस्त्याने वळसा घालून परत चर्चमागे यायचं. टोपी बदलायची आणि पुन्हा निघायचं. तीन फेऱ्या केल्या की अकराचे तेहतीस.

ओदील पिवळ्या रंगाचा डबा घेऊन पुढे गेली. पुलाजवळच्या अक्रोडाच्या बुंध्यावरची वाटेची खूण रंगवायचं निमित्त होतं. ती पुलावर पोचते तोच मादाम केर्वेला तिसऱ्या फरशीवर अडखळल्या.

"दुसऱ्यांदा! हा दगड बसवून घ्या हो, मादाम. कुणाची तरी मान मोडेल."

"घेते," ओदील म्हणाली. वीस वर्षं ती हेच म्हणत होती.

इतक्यात पहिली फेरी उतरली. कुणी एकटं, कुणी जोडीने, सोलांज तर हातात टोपली घेऊन. बोंजूर मादाम, बोंजूर मादाम! बाई प्रत्येकाला उत्तर देत होत्या आणि वहीत रेघ मारत होत्या. ओदीलला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. हसू दाबायला ती त्याच खुणेवर पुन्हा पुन्हा ब्रश फिरवत राहिली.

पाव तासाने दुसरी फेरी आली. सगळ्यात पुढे आंसेल्म, डोक्यावर थोरल्या नातवाचं सायकलचं हेल्मेट. ते नाकापर्यंत उतरलं होतं. तो बाईंसमोरून गेला, मान खाली घालून दोन पावलं पुढेही गेला. आता इथे एक गोष्ट आहे. त्याच दिवशी त्याच माणसाला दुसऱ्यांदा नुसतं बोंजूर म्हणणं म्हणजे 'मघाशी तुझ्याकडे माझं लक्षच नव्हतं' असं तोंडावर सांगणं. आणि काहीच न म्हणणं? ते तर जनावरं करतात. म्हणून दुसऱ्या भेटीला 'पुन्हा बोंजूर' अशा अर्थाचा वेगळा शब्द आहे. आंसेल्म थांबला, वळला, हेल्मेट उचललं.

"रबोंजूर, मादाम."

ओदीलने डोळे मिटून घेतले. एकाने म्हटल्यावर बाकीचे गप्प कसे राहतील? मागून ओळीने दहा जणांनी आपापल्या टोप्या उचलल्या. रबोंजूर. रबोंजूर. सोलांज तर वर म्हणाली, "ऊन छान पडलंय नाही, मघापेक्षा?"

सगळे पलीकडे गेल्यावर मादाम केर्वेला वळल्या. "म्हणजे या सगळ्यांना मी आधी भेटलेय."

"चालणारी माणसं अकराच आहेत," ओदील म्हणाली. लाजेने तिचे कान तापले होते. "जास्त कुठून आणू? पण खोटं नका समजू हो. वाट आमचीच आहे."

"त्या हेल्मेटवाल्या आजोबांना समोरचं दिसत होतं?"

"कसलं दिसतंय! डोळे झाकले होते त्याचे."

"तरी त्यांनी ती हलती फरशी ओलांडली. खाली बघितलंसुद्धा नाही. कुणाचाच पाय तिच्यावर पडला नाही, दोन्ही फेऱ्यांत."

"ती हलते, हे सगळ्यांना ठाऊक आहे."

"कधीपासून?"

ओदीलला प्रश्नच कळला नाही. "म्हणजे? चालायला लागल्यापासून."

बाई कठड्यावर टेकल्या, खालच्या पाण्याकडे बघत बसल्या. ओदीलच्या हातातल्या ब्रशवरून रंग बुटावर ठिबकत होता. बऱ्याच वेळाने बाई उठल्या.

"माझी गाडी चर्चपाशी आहे."

"डांबरी रस्त्याने जा. तो सोपा पडेल."

"नको. या वाटेनेच जाते."

त्या वही उघडून भराभर लिहीत निघाल्या. समोरून तिसरी फेरी उतरत होती. बेत केव्हाच फसला, हे त्या बिचाऱ्यांना कुठे माहीत! पुढे आंसेल्म, आता बायकोच्या रिबीनवाल्या गवती हॅटमध्ये. बाईंची नजर वहीत, पेन चालू. तिसऱ्या फरशीपाशी त्यांचा पाय आपोआप उचलला गेला आणि पलीकडे पडला.

ओदीलने ते पाहिलं. बाईंच्या पायालाही आता वाट ठाऊक झाली होती! रंगाचा डबा तिच्या हातून सुटला.

आंसेल्म हॅट हातात घेऊन वाटेच्या मध्येच अडला होता. "ओदील," तो घाबरून तिथूनच विचारू लागला, "तिसऱ्यांदा काय म्हणायचं असतं गं?"

"आभार मान, वेड्या! मेर्सी म्हण!" ओदील पुलावरून ओरडली. "मोठ्यानं म्हण!"