टाकीचं झाकण

बसा हो, उभं राहून गाडी काही लवकर दुरुस्त होत नाही. तो डबा उलटा करा आणि टेका. तोवर एक गोष्ट सांगतो. आमच्याच धंद्यातल्या एका फिटरची. भला माणूस होता, निदान लोक तसं म्हणायचे.

तर त्याच्या दुकानात एक बाई आली. काखेत पोतं, पोत्यात चेनसॉ. झाडं कापायचं मशीन हो, पेट्रोलवर चालतं ते. टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "भाऊजी, हे उघडा. यात तेल होतं का नव्हतं, एवढंच मला सांगा."

फिटरनं मान वर केली नाही. मशीन ओळखीचं होतं. तिचा नवरा झाडं पाडायचा. महिन्यापूर्वी झाड अर्धं कापलं आणि मशीन बंद पडलं. गडी तिथंच बुंध्याशी वाकून मशीन सुरू करायची दोरी ओढत राहिला. एकदा, दोनदा, दहादा. झाड काय वाट बघतंय? आलं खाली. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. त्या दिवसापासून फिटर त्यांच्या गल्लीत फिरकला नव्हता.

"पेट्रोलमध्ये तेल रोज मीच मिसळते," बाई म्हणाली. "त्या दिवशी सकाळी आमचं वाजलं होतं. रागारागात डबा भरला. तेल घातलं का विसरले, आठवतच नाही बघा. हे म्हणतात, विसरलीस. नुसतं पाणी मागितलं तरी म्हणतात, यात तरी काही घालायचं विसरू नकोस."

तेल नसलं की असलं इंजिन आतून खरवडून निघतं. फिटरनं सायलेन्सर खोलला, भोकातून आत बॅटरी मारली. पिस्टन आरशासारखा. एक ओरखडा नाही. प्लग काढला. चहाच्या रंगाचा, हवा तस्सा.

"तेल होतं वहिनी. मापात होतं."

"मग बंद का पडलं?"

आली का पंचाईत! कारण फिटरला ठाऊक होतं. या मशीनच्या टाकीच्या झाकणाला सुईएवढं भोक असतं. पेट्रोल खाली जातं तशी त्यातून हवा आत येते. भोक नसेल तर मशीन पाच-सहा मिनिटं चालतं आणि नरडं दाबल्यासारखं गप्प होतं. अपघाताच्या आदल्याच दिवशी मशीन सर्व्हिसिंगला आलं होतं, तेव्हा वखारवाला डोक्यावर उभा. त्याच्या मशीनचं झाकण फुटलेलं, गिऱ्हाईक मोठं, घाई त्याहून मोठी. फिटरनं याचं झाकण काढून त्याला दिलं आणि याला एक बिनभोकाचं ठोकून दिलं. उद्या बदलू म्हणाला. तो उद्या काही उगवला नाही.

"मशीनच ते वहिनी. रुसतं कधीकधी."

"माझं मन राखू नका. चालवून दाखवा."

त्यानं सगळं जोडलं, दोरी ओढली. मशीन झकास सुरू झालं. टाकीत तिचंच पेट्रोल होतं, त्या दिवशीचं उरलेलं. सहाव्या मिनिटाला चार आचके दिले आणि बंद.

इथं तोंड उघडायचं ना? तर हा शहाणा म्हणतो, "पेट्रोल शिळं झालंय." दुकानातलं भरलं, आणि तिच्याकडे पाठ करून खणातलं भोकाचं झाकण बसवलं. जुनं खिशात. त्याला वाटलं, मशीन धडधाकट बघून बाईचा जीव भांड्यात पडेल.

मशीन चाललं. वीस मिनिटं चाललं, एका सुरात. मग बाईनंच हात वर केला, तेव्हा त्यानं बंद केलं.

"तुमच्या पेट्रोलवर चालतं," ती हळूच म्हणाली. "माझ्या पेट्रोलवर नाही चाललं."

"अहो, तसं नाही वहिनी..."

"तसंच आहे. हे खरं बोलत होते. मीच महिनाभर त्यांच्याशी भांडत बसले." तिनं मशीन पोत्यात घातलं. "आज पाय धरते त्यांचे. उरलाय तो." आणि दारातून मागं वळून म्हणाली, "तुम्ही होता म्हणून एवढा वेळ दिलात, भाऊजी. दुसऱ्यानं दारात उभं केलं नसतं."

गेली. फिटर तिथंच.

आठ दिवस झाले त्याला. हे घ्या, धरा. उजेडाकडे धरून बघा. दिसतं कुठं भोक? खिशात हात घातला की हेच लागतं. रुमाल काढायचीसुद्धा चोरी झालीय.

तुमची गाडी झालीय हो. मघाशीच झाली होती. तुम्ही त्याच गल्लीवरून जाता ना? मग मला मागं बसवा आणि तिच्या दारापर्यंत सोडा. कडी मी वाजवीन, बोलायचं तेही मीच बोलीन. तुम्ही फक्त, मी आत जाईपर्यंत गाडी वळवू नका.