सतरावी आणि अठरावी

"अगं, सतरावी पाचव्या हिवाळ्यात उपाशी होती!" डॉक्टर चांदोरकर यंत्राच्या पडद्यावरून नजर न हलवता म्हणाले.

सतरावी म्हणजे अकरा हजार वर्षांपूर्वी बर्फाळ समुद्रात मेलेली सील. तिच्या दगड झालेल्या दातातली वर्षावर्षाची वलयं वाचून, समुद्र केव्हा किती तापला आणि तिने काय सोसलं, ते यंत्र सांगत होतं.

"मीही उपाशीच आहे. चतुर्थी आहे आज."

"हं. बिचारी पिल्लासाठी उत्तरेला सरकत राहिली."

सत्तावीस वर्षांच्या संसारात हेमांगीताईंच्या वाट्याला एकही 'बिचारी' आली नव्हती. सवत निदान जिवंत तरी असावी, असं त्यांना वाटलं. यंत्रात दात ठेवायचं काम त्यांच्याकडेच असे. दुसऱ्या दिवशी त्यांनी गेल्या महिन्यात काढलेली स्वतःची दाढ आत सरकवली.

"अठरावी! पन्नाशी ओलांडलेली सील म्हणजे विक्रमच," डॉक्टर ओरडले. "तरुणपणी थंड प्रदेश सोडून एकटीच उष्ण भागात आली. तिथे दरवर्षी उकाडा वाढतोय, पण ही जागा सोडत नाही. का सोडत नसेल गं?"

"असेल कोणीतरी तिथे," हेमांगीताई हळूच म्हणाल्या.

"काय सोसलंय बिचारीने!" डॉक्टरांचे डोळे भरून आले. "उरलेलं आयुष्य आता हिलाच द्यायचं. तू जरा बाहेर बस बघू, हिला धूळ लागेल."

नागपूरच्या पन्नास अंशांत हेमांगीताई ओट्यावर जाऊन बसल्या आणि स्वतःच्याच दाढेवर जळत राहिल्या.