बारशाआधीची नोंद

"प्रजाती निश्चित नाही. दार उघडणार नाही," घर शांतपणे म्हणालं.

मृदुला वैतागली. अकरा दिवसांच्या लेकीला काविळीच्या तपासणीला न्यायचं होतं, आणि चौकटीवर तळहाताएवढी कोळीण बसली होती. घरातल्या प्रत्येक जिवाची नोंद झाल्याशिवाय कुलूप निघत नसे.

"आठ डोळे, दोन ओळींत. पाय खेकड्यासारखे आडवे. अजून काय हवंय रे तुला?"

"पोटाखालचा अवयव दिसायला हवा. त्यावरची अंड्यांची पिशवी बाजूला करा."

मृदुलाने झाडू पुढे केला. कोळिणीने पांढरी पिशवी आणखीच आवळून धरली. मृदुलाने झाडू मागे घेतला.

"माझ्या लेकीची नोंद कशी केलीयस?"

"बारसं व्हायचंय. तोवर 'आईचं बाळ'."

"मग हिला 'बाळांची आई' लिही. बाकीचं बाळंतपण उरकल्यावर विचार!"

कुलूप उघडलं. कोळिणीला धक्का न लावता मृदुलाने दार हळूच ओढलं.