दुर्बिणीतला ऊस

"ह्याला बी आजच यायचं हुतं," साळूबाई चहाच्या पातेल्यावर वाकून पुटपुटली. "तोडनीच्या दिशी दुर्बीन बघाय आलाय."

"हळू बोला आत्या, वर ऐकू जाईल," सून राजेश्वरी म्हणाली.

"जाऊ दे. येवढं नगर सोडून आला, त्याला दुसरं काय बघाय सापडलं न्हाई."

पाहुणा वर स्लॅबवर होता, मच्छिंद्रनानांच्या शेजारी. हर्षल त्याचं नाव. त्याला जुन्या लष्करी वस्तूंचा नाद. नानांच्या वडिलांनी इटलीच्या लढाईतून आणलेली जर्मन दुर्बीण एकदा हातात धरायला मिळावी, एवढ्यासाठी तो देवळालीपर्यंत आला होता. ती दुर्बीण आत्ता नानांच्या गळ्यात होती. नाना फौजेतले रिटायर हवालदार, त्यामुळे ती गळ्यात शोभतही होती.

खाली बांधावर तोडणीची टोळी कोयते घेऊन खोळंबली होती. या वस्तीवर रीतच होती तशी. नानांनी दुर्बीण लावून ऊस न्याहाळायचा, वारा नसताना शेंडे कुठं हलतात का बघायचं आणि टॉवेल फिरवायचा. मगच पहिला कोयता आत. बिबट्या असला तर शेंड्यांवरून कळतो, असं नाना म्हणत. आज वस्तीवरचं कुत्रं सकाळपासून दिसलं नव्हतं. साखळी तेवढी खुंट्याला होती.

हर्षलनं खिशातून बंदुकीच्या गोळ्यांच्या दोन रिकाम्या पुंगळ्या काढून नानांच्या तळहातावर ठेवल्या. नानांचा अंगठा पहिलीच्या बुडावरून फिरला.

"ही तीनशे तीन. बुडाची कड भायेर आलीया बघा. आमी हीच चालवली." दुसरी उचलली. "हिला कड न्हाई, नुसती खाच. सात ब्याण्णव. जर्मनाची."

"नाना, मानलं तुम्हाला!"

"फौजेत फुकट पगार देत न्हाईत, पाव्हनं."

हर्षल हसला. मग त्याच्या लक्षात आलं, नानांनी एकाही पुंगळीकडे बघितलं नव्हतं. ते बघत होते हर्षलच्या कानाशेजारी कुठंतरी.

"आता दुर्बीण देता?" त्यानं विचारलं.

नानांनी पट्टा गळ्यातून काढला आणि दुर्बीण पुढं केली. हर्षलपासून जरा बाजूला.

त्यानं ती डोळ्यांना लावली. सगळं पांढरं, ताकासारखं. झाकणं राहिली असतील म्हणून त्यानं पुढच्या काचांवरून बोट फिरवलं. झाकणं नव्हती. आभाळाकडे धरून बघितली. दोन्ही नळ्यांत, आतून, बुरशीची जाळी धरली होती. ऊस सोडा, समोरचा कठडाही दिसेना.

"कशी हाय?" नानांनी विचारलं. "आजून आरशावानी."

साळूबाई कप घेऊन वर आली होती. हर्षलनं तिच्याकडे बघितलं. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही.

"भारी हाय म्हना की," ती मोठ्यानं म्हणाली. "आन् चहा घ्या, निवतोय."

"भारी आहे नाना," हर्षल म्हणाला. दुर्बीण त्यानं नानांच्या हातात दिली आणि कप घेऊन जिन्याच्या तोंडाशी, साळूबाईजवळ आला.

"आजी, यातून काही म्हणजे काहीच दिसत नाही," तो दबक्या आवाजात म्हणाला. "आणि नानांना तर..."

"म्हाईत हाय."

"मग खाली ती माणसं?"

"दोन सीझन गेलं, कुनाला खरचटलं बी न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "हे काम काढून घेतलं तर मानूस खाटंला लागंल. तुमी पाव्हनं हाय. च्या प्या आन् जावा."

नानांनी दुर्बीण लावली. डावीकडून उजवीकडे, सावकाश, मधे मधे थांबत. शिकवलेलं काम होतं, त्यात उणं काढायला जागा नव्हती. खाली कडूबाईनं तान्ही पोर बाभळीला बांधलेल्या झोळीत ठेवली, झोळीला एक हेलकावा दिला आणि पदर खोचला. टोळीत पहिला कोयता नेहमी तिचाच.

"आजी," हर्षल म्हणाला, "तिकडं मधे शेंडे हलले का?"

साळूबाईनं डोळे बारीक केले. ऊस दाट होता. हललं असेल काही, किंवा पाखरू उठलं असेल. वारा मात्र नव्हता.

"वारं पडल्यालं हाय," नाना खणखणीत आवाजात म्हणाले. "शेंडं गप हायेत. मोकळं हाय!"

त्यांचा टॉवेल वर गेला.

नवऱ्याच्या हातातलं काही ओढून घ्यायची वेळ साळूबाईवर कधी आली नव्हती. तिनं टॉवेल धरला. नानांनी हिसका दिला. तिनं सोडला नाही.

"आगं, काय करतीस? पाव्हन्यासमोर?"

"काय झालं गं मावशे?" खालून कडूबाई ओरडली. तिचा एक पाय उसाच्या सरीत होता. मागं टोळी तिच्या पाठीला लागून उभी. "हाय का काय आत?"

"न्हाई!" नाना गरजले. "मी बघितलं न्हवं आत्ता!"

कडूबाई हलली नाही. नानांकडे बघायचं सोडून ती साळूबाईकडे बघत होती.

साळूबाई टॉवेल हातात घेऊन कठड्याशी आली. तिचा आवाज एरवी चुलीपुरताच. आज तो पार झोळीपर्यंत गेला.

"ठाव न्हाई, कडूबाई. आमाला कवाच ठाव नसतंय. ह्यांना दिसत न्हाई."