मिठाची पहिली ओंजळ

माझ्या जन्माआधीच सगुणाआत्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलेलं. कळव्याच्या मिठागरात मीठ वाहणारी ती पोर सारखी म्हणायची, "मी दर्शनाचे घरी जाऊन आले. वर आभालान हाय तिचा घर." आमच्यात दर्शना कोणीच नव्हती. पुढे आत्याला बरं वाटावं म्हणून बाबांनी माझं नाव तेच ठेवलं.

लहानपणी आम्ही भेटायला गेलो की ती माझा गाल कुरवाळायची. "तुजा आयकला आसता तं बरा झाला आसता." हाताला तेव्हाही मिठाचा वास. ती तिथेच वारली.

मिठागरावर आता टॉवर आहेत. आज त्यातल्याच एकात, अगदी वरच्या मजल्यावर, आमचा गृहप्रवेश होता. नव्या घरात आधी मीठ यायला हवं, म्हणून नवऱ्याला पुडा आणायला खाली पाठवलं.

बेल वाजली. दारात डोक्यावर टोपली घेतलेली पोर, पोटऱ्यांपर्यंत ओला चिखल. आत येऊन तिने ओंजळभर खडेमीठ ओट्यावर ठेवलं आणि खिडकीतून खाडी बघत राहिली.

"नाव काय गो तुजा?" तिने वळून विचारलं.

"दर्शना."

माझा गाल कुरवाळून ती जायला निघाली.

"आत्या, घरी कोणाला सांगू नको."

ती खळखळून हसली.

"येडी हाय का तू?"