गोड करू नका

"खळं नाई देत," जयवंताबाई म्हणाल्या.

चावडीसमोरच्या लिंबाखाली सगळं गाव जमलं होतं. हणमंतराव पेशकारांनी मान डोलावली, घसा साफ केला आणि नव्या तहसीलदारांकडे वळून अदबीनं तेलुगूत सांगितलं, "गाव म्हणतं, मर्जी साहेबांची."

तहसीलदार सीतारामय्या प्रसन्न हसले.

राज्यांची नवी वाटणी होऊन वर्षही झालं नव्हतं. राजुरा मुंबई राज्यात गेलं, आदिलाबाद आंध्रात आलं आणि सीतारामय्या पार समुद्राकाठच्या जिल्ह्यातून इथं आले. त्यांना मराठी येत नव्हती. तामसीकडच्या या गावांना तेलुगू यायची, ती बाजारापुरती. मधे उभे हणमंतराव, तहसील कचेरीतले जुने कारकून. निजामाच्या अमदानीत हेच काम ते उर्दूतून करत आले होते. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी एका शेतकऱ्याचा राग जसाच्या तसा साहेबाच्या कानावर घातला होता. साहेबानं त्या माणसाला दिवसभर उन्हात उभं केलं. तेव्हापासून हणमंतरावांनी कुणाचाच नकार साहेबापर्यंत पोचू दिला नाही. कुणी काहीही म्हणो, साहेबाला ऐकू यायचं ते 'मर्जी सरकारची' एवढंच. यात लबाडी नव्हती, माया होती. पुढं सरकार बदललं, झेंडा बदलला. हणमंतरावांची जीभ काही बदलली नाही.

स्वतःच्या बाबतीत तरी त्यांनी वेगळं काय केलं होतं? मागच्या आठवड्यात साहेबांनी विचारलं, "खम्ममच्या कचेरीला तुमच्यासारखा जुना माणूस हवा आहे. तुमचं नाव कळवू ना?" हणमंतराव म्हणाले, "मर्जी साहेबांची." घरी आले आणि आईला पाहून उंबऱ्यातच थांबले. आईची नजर केव्हाच गेलेली. पण या घरात ती भिंतीला हात लावत चुलीपासून तुळशीपर्यंत एकटी हिंडायची, कुणाला हाकसुद्धा मारायची नाही. तिकडं दूर, परक्या घरात ती एका कोपऱ्यात बसून राहील, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

"साहेबाले सांगत काऊन नाई?" बायको सुभद्रा म्हणाली.

"साहेबाले असं कोनी सांगते का?" हणमंतराव म्हणाले आणि न जेवता उठले. आज दौऱ्यावरून परतल्यावर साहेब नाव कळवणार होते.

इकडे शिपायांनी चावडीलगतच्या खळ्यावर मोजणीची साखळी टाकली. तिथं शाळा होणार होती. शाळा कुणाला नको होती? पण साऱ्या गावाची ज्वारी त्याच खळ्यावर मळली जायची, तिथंच उफणली जायची. दुसरी तशी टणक जागा गावात नव्हती. माणसं खाली बघत राहिली. पेशकार सांगताहेत ना, मग आपण मधे कशाला बोला, अशी या गावांची रीत होती.

जयवंताबाई तेवढ्या उठल्या. नवरा पोलीस पाटील होता तेव्हापासून गाव त्यांचा शब्द मानायचं. त्या सरळ खळ्यावर गेल्या आणि साखळीवर अनवाणी पाय रोवून उभ्या राहिल्या.

"पेशकारबापू, म्या नाई म्हनलं, अन् साहेब हासून राह्यला. नाई म्हनल्यावर कोनी हासते का? काय सांगतलं तुमी त्याले?"

"मावशी, सबुरीनं घ्या. मी बोलतो नीट."

"तुमच्या नीट बोलन्यात आमचं खळं चाललं! साळा पाह्यजे आमाले. मारोतीमागच्या पडीकात बांधा, दगड आमी वाहून देतो. पन खळं नाई. हे असंच सांगा त्याले. गोड करू नका. माहं बोलनं हाय, ते माहंच राहू द्या."

उन्हात उभा केलेला तो माणूस हणमंतरावांच्या डोळ्यांपुढं आला. ही तर म्हातारी बाई. त्यांना तिच्यासाठी भीती वाटली आणि स्वतःसाठी त्याहून जास्त. साहेब वाट बघत होते. हणमंतरावांनी एकदा साखळीवरच्या त्या पायाकडं पाहिलं.

"साहेब," ते तेलुगूत म्हणाले, "ही बाई नाही म्हणते. शाळा हवी, पण मारुतीमागच्या पडीक जागेत. खळं देणार नाही म्हणते." मग एका दमात पुढं म्हणाले, "आणि मघाशीही ती नाहीच म्हणाली होती. मी बदलून सांगितलं."

सीतारामय्यांचं हसू गेलं. साहेबांनी शिपायांना साखळी उचलायला सांगितली आणि जयवंताबाईंना हातानं खूण केली : चला, जागा दाखवा.

म्हातारी पुढं चालू लागली. गाव मागोमाग निघालं. साहेब हणमंतरावांच्या बरोबरीनं चालत होते.

"मला वाटत होतं, या तालुक्यात कुणाची कसली तक्रारच नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "घरी पत्रातसुद्धा तसंच लिहिलं होतं मी."

हणमंतराव पायाखालची वाट बघत चालत राहिले.

मारुतीच्या देवळापाशी साहेब थांबले.

"पेशकार, खम्ममला जायचं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, मर्जी साहेबांची. तेव्हा मनातलं मूळ वाक्य काय होतं?"

हणमंतरावांच्या डोळ्यांपुढं भिंत चाचपत जाणारा आईचा हात आला. त्यांनी तोंड उघडलं. आयुष्यभर तीन भाषा बोललेल्या त्या माणसाला ऐन वेळी तेलुगू शब्द सापडेना, उर्दू तर सापडेचना.

"नाई जात, साहेब," ते म्हणाले.

मराठी न येणाऱ्या साहेबांनी मान हलवली. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.